हापूसची कोय लावली तर हापूसच येतो का?

तुम्ही विचारलंय की देवगडच्या पेटीतला एक आंबा फारच गोड निघाला, म्हणून त्याची कोय बाल्कनीतल्या कुंडीत रुजवली, रोप आता दीड फुटाचं झालंय, तर त्याला तसाच हापूस लागेल का.

नाही लागणार. आंबे लागतील, पण ते हापूस नसतील. आमच्या राजापूरकडे कोयीतून उगवलेल्या झाडाला सरसकट रायवळ म्हणतात, मग कोय कितीही खानदानी असो.

गंमत अशी आहे की आपण खातो तो गर आणि आतलं बी एकाच फळात असले तरी त्यांचं रक्त एक नसतं. साल, गर, अगदी कोयीचं टणक कवचसुद्धा सगळं आईझाडाचं. म्हणून पराग कुठल्याही झाडाचे येवोत, हापूसच्या झाडावरचं फळ हापूसच असतं. कवच फोडल्यावर जे बी निघतं ते मात्र आई आणि बाप दोघांचं. मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्यांनी शेजारच्या बिटकीचे, म्हणजे बारक्या रायवळ आंब्याचे, पराग आणले असतील तर तुमच्या रोपाचा बाप ती बिटकी! तुम्ही चाखलीत ती आईची चव, आणि कुंडीत वाढतंय ते तिचं लेकरू.

यावर गावातही लोक विचारतात, "आणि सगळी बागच हापूसची असली तर?" तरीही नाही. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं असतात, म्हणजे 20 जोड्या. जोडीतली दोन हुबेहूब सारखी नसतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, आणि कुठलं जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं. नुसत्या या निवडीचेच 10,48,576 प्रकार होतात, तेही एकाच बाजूने. हापूसवर हापूसचेच पराग पडले तरी पत्ते पुन्हा पिसले जातात, आणि दबून राहिलेला एखादा गुण वर येतो.

असा दबलेला गुण अनुवंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलने वाटाण्यात दाखवला, 1866 साली छापलेल्या निबंधात. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा त्याने एकमेकांशी फळवला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. तेच पेरले तर पुढच्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. सुरकुती मधली एक पिढी नुसती लपून बसली होती. हापूस त्या मधल्या पिढीसारखा आहे, फक्त लपलेले गुण एक-दोन नाहीत, ढीगभर आहेत. (मेंडेलने वाटाणा निवडला हे बरंच झालं. कोयीच्या आंब्याला फळ धरायला सात-आठ वर्षं सहज जातात. बिचारा दुसरी पिढी पाहतानाच म्हातारा झाला असता.)

मग बाजारातले सगळे हापूस एकाच चवीचे कसे? कलमामुळे. कलमकाडी म्हणजे त्याच झाडाची फांदी. तिथे ना पराग, ना चिठ्ठ्या. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधायला लागले, हापूस हे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरूनच आलं, आणि आजची हापूसची झाडं म्हणजे जुन्याच झाडाच्या लांबवलेल्या फांद्या. खाली खुंट, म्हणजे ज्यावर काडी जोडतात ते मुळांचं रोप, रायवळचा असतो. त्याचा परिणाम झाडाच्या वाढीवर होतो, पण वरच्या फळाची जात त्यामुळे बदलत नाही.

पत्ते मुद्दाम पिसणारेही आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना निघाला, 1981 साली. हापूसला छळणारा साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि आंबट होण्याचा दोष, त्यात होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यातून 1992 साली सिंधू आला, अगदी पातळ कोयीचा. म्हणजे तुमच्या रोपाला भारी आंबा लागणं अशक्य नाही, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

एक अपवाद आहे. काही जातींच्या एका कोयीतून दोन-तीन-चार रोपं फुटतात आणि त्यातली बरीचशी थेट आईच्या पेशींतून आलेली, म्हणजे आईचीच नक्कल असतात. फिलिपिन्सचा काराबाव तसा आहे. हापूसच्या कोयीतून मात्र एकच कोंब येतो.

रोप उपटू नका, खुंट म्हणून वापरा. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळ्यात कुणा कलमं बांधणाऱ्याकडून पाचर कलम (काडीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवतात ते) करून घ्या. काडी खात्रीच्या हापूसची, तीन-चार महिन्यांची, खुंटाच्याच जाडीची हवी. काडी काढायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापून ठेवतात, म्हणजे डोळा फुगतो. मग जोडावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची.

नंतर जोडाखालून येणारी प्रत्येक फूट नखाने खुडून टाका, यात आळस नको. आमच्या परसात एक कलम होतं. वरची काडी कधी वाळली आणि खालची फूट कधी जोरात वाढली, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. नऊ वर्षं आम्ही त्याला हापूस म्हणून शेण घातलं, पाणी घातलं. पहिलं फळ पिकलं तेव्हा आजोबांनी चोखून पाहिलं, दातात अडकलेली शीर काढली आणि आंब्याचं सासव (मोहरी वाटून केलेलं कालवण) करणाऱ्या आजीला म्हणाले, "सासवाला बरो आसा."