टाळेबंदीत इंदुरातील मराठी घरांच्या खाण्याच्या सवयी कशा बदलल्या?

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सराफा, छप्पन दुकान या इंदुरातील खाऊगल्ल्या बंद पडल्याने सकाळचे पोहे-जिलबी व रात्रीची चाट बाहेर खाणाऱ्या या शहराचे सगळे खाणे एकाएकी घरच्या ओट्यावर आले. ताजी भाजी मिळणे अवघड झाले, तेव्हा पिठले, वरणफळे, सांडग्यांची आमटी आणि ओल्या फडक्यात घट्ट बांधून मोड आणलेली मटकी हे पदार्थ वरचेवर होऊ लागले. माझ्या मते हा बदल पोषणाच्या दृष्टीने हिताचाच होता, कारण मोड आल्याने कडधान्यातील क जीवनसत्त्व वाढते. मात्र दुपारच्या चहाबरोबर तळणही वाढले, आणि फिरणे थांबलेल्या मधुमेही ज्येष्ठांसाठी ती खरी काळजीची बाब होती.