९१ वर्षं जगलेल्या आजींबद्दल पाच मिनिटांत काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की आजी गेल्या, आयुष्यभर त्यांनी लोकांची कामं केली, आता जमलेल्यांसमोर त्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचंय आणि कागदावर 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'सेवाभावी' यापुढे काही उतरत नाही. माझंही अगदी असंच झालं होतं.

माझी आजी ८८व्या वर्षी गेली. अंध विद्यार्थ्यांसाठी ती वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकं वाचून कॅसेटवर उतरवायची. छापील पुस्तक ब्रेलमध्ये आलं की त्याचे जाडजूड खंड होतात, त्यामुळे ऐकायच्या पुस्तकांची मुलांना फार गरज असे. घरात मात्र आम्हाला एवढंच ठाऊक, की आजीच्या खोलीचं दार लागलं की गडबड करायची नाही.

ती गेल्यावर तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तोवर माझ्या वहीत फक्त घरच्यांच्या आठवणी होत्या. तो म्हणाला, भूमितीत आकृती आली की बाकीचे वाचणारे 'आकृती पाहा' म्हणून पुढे जायचे. आजी थांबायच्या. "पानाच्या मधोमध त्रिकोण आहे. काटकोन डावीकडे, खालच्या कोपऱ्यात. बोटाने टेबलावर काढून बघ, मी थांबते." आणि खरंच टेपवर थोडा वेळ नुसती शांतता असायची. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. गणित मध्येच तुटू नये म्हणून आजी आधी घड्याळ लावून वाचून बघायच्या, हेही त्यालाच माहीत होतं.

फोन ठेवल्यावर मला एकदम उमगलं. घरात कुणी काही शोधत असलं तर आजी 'तिकडे आहे' असं कधीच म्हणायची नाही. "कपाट उघड, वरून दुसरा खण, उजव्या हाताला." आम्हाला तो तिचा स्वभाव वाटायचा. तिचं काम तिच्या बोलण्यात मुरलं होतं, हे कळायला घराबाहेरचा माणूस लागला.

म्हणून माझं सांगणं एकच: आजींनी ज्यांची कामं केली त्यांना आधी फोन करा. 'कशा होत्या?' विचारू नका, 'चांगल्या होत्या' एवढंच हाती लागेल. पहिल्यांदा कुठे भेटलात, त्या तेव्हा काय करत होत्या, कशावर चिडायच्या, असं विचारा. आणि त्यांच्या वयाचं कुणी हयात असेल तर त्यांना गाठाच. म्हातारपणी माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त वर येतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलंय. आजींची नेमकी तीच वर्षं आपण नातवंडांनी पाहिलेली नसतात. जन्म, लग्न, मुलंबाळं, हे दोन वाक्यांत उरका. समोरच्यांना ते माहीत असतं.

अवघड गोष्टही टाळू नका. माझा धाकटा मामा म्हणाला, "शाळेतून आल्यावर त्या बंद दाराबाहेर बसून राहिल्याचं मला आठवतं." ते बोलावं की नाही, यावर रात्रभर विचार केला. शेवटी त्यालाच विचारून बोललो. इतरांना दिलेले तास कुणाच्या तरी वाट्याचे होते, हे न सांगता तिची थोरवी सांगणं मला खोटं वाटलं असतं.

आजींचा आवाज कुठल्या जुन्या टेपवर असेल तर लगेच संगणकावर उतरवून घ्या, वर्षं जातात तशी फीत खराब होते. लावण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळा. उष्णता, ओल आणि लोहचुंबक यांपासून लांब ठेवा.

त्या विद्यार्थ्याने भूमितीची एक कॅसेट जपून ठेवली होती, ती आम्हाला आणून दिली. ती आता मामाकडे असते.