फोटोत डोंगर एवढासा का होतो?

समोर अख्खी डोंगररांग होती, फोटोत मात्र चपटी रेघ उरली. आता आणखी वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी, लेन्स घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका घेऊ. तिने रेघ आणखी बारीक होईल.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमी नाभीय अंतराच्या लेन्सच्या तोडीचा असतो (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद), म्हणजे तुमच्या हातात वाइड लेन्स आहेच. डोंगर बघताना आपली नजर शिखरावर खिळते आणि कठडा, रिकामं आकाश, मधलं माळरान यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. कॅमेरा असं काही वगळत नाही. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ मिमीला तो आडवा सुमारे ७४ अंशांचा पट्टा चौकटीत कोंबतो आणि शिखराच्या वाट्याला नखाएवढी जागा येते. तिथेच उभं राहून ७० मिमीला फोटो काढलात तर शिखर जवळपास तिप्पट मोठं येईल. शिवाय एकामागे एक असलेल्या रांगा उठून दिसतील. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून रांग जितकी दूर तितकी ती निळसर आणि फिकट. खोलीचा हा आयता थर लांब पल्ल्याच्या लेन्सने छान पकडता येतो.

वाइड खरी कामाला येते ती पायाशी काहीतरी असेल तेव्हा. दगडांतून वाहणारं पाणी, भेगाळलेली जमीन, फुलांचा ताटवा. मग उभ्याने काढू नका, गुडघ्यावर या, त्या वस्तूच्या अगदी जवळ जा. फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) असेल तर पावणेदोन मीटरवर फोकस धरा. साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. सगळं शार्प हवं म्हणून एफ २२ वर जाऊ नका, बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्या विवर्तनामुळे अख्खा फोटो मऊ पडतो.

आता प्रकाश. ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा जुना सल्ला माणसांच्या फोटोंना ठीक होता. डोंगर त्याने सपाट होतो. सावल्या वस्तूंच्या मागे जातात, कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, आणि सावलीशिवाय घळ, सोंड, कडा यांचा उठाव कळायचा कसा? सूर्य बाजूला हवा, तोही खाली. म्हणून पहाट आणि संध्याकाळ. ही वेळ किती टिकते हे मात्र तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला २४ मिनिटं लागतात. ६० अक्षांशावर त्याच दिवसांत ४८. उष्ण कटिबंधात फिरत असाल तर ट्रायपॉड आधीच लावून बसा, तिकडे उत्तरेला थोडी चैन करता येते.

आणि जागा बदला. गाडी थांबते तिथल्या कठड्यावरून सगळेच काढतात. गेलन रोवेल या अमेरिकन छायाचित्रकाराचा ल्हासामधल्या पोताला राजवाड्यावरच्या इंद्रधनुष्याचा १९८१ सालचा फोटो प्रसिद्ध आहे. त्याला इंद्रधनुष्य दिसलं तेव्हा ते राजवाड्यावर नव्हतंच. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर असतं, आपण सरकलो की तेही सरकतं. रोवेलला हे माहीत होतं, म्हणून दोन्ही एका रेषेत येतील अशा ठिकाणी तो धावत सुटला. (धावण्याची तयारी ही या छंदातली सगळ्यात दुर्लक्षित सामग्री.) आपल्याला दर वेळी इंद्रधनुष्य मिळणार नाही, पण पन्नास पावलं डावीकडे गेल्यावर झाड शिखरासमोरून बाजूला होतं, एवढं तरी करून बघा.

सहलीचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं, भर दुपारी पोचलात तर? दुपार वाया गेली असं मी मानत नाही. हिमनद्यांच्या पाण्याने भरलेली तळी आणि उथळ समुद्र यांचा निळा-हिरवा रंग सूर्य डोक्यावर असतानाच खुलतो. धबधबा आणि दाट जंगल यांना तर ढगाळ हवा किंवा पूर्ण सावलीच हवी. उन्हाचे कवडसे पडले की पांढरं पाणी जळून जातं. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर पाव ते एक सेकंदाचा शटर पुरतो. पाव मिनिटाचा ठेवून त्याचं धुकं करण्याची फॅशन मला आवडत नाही, पण ती आपापली आवड. ढग विरळ असतील तर थांबा. ढगाची सावली सरकत मागच्या डोंगरावर गेली आणि पुढचा उन्हात राहिला की दुपारीही खोली येते.

बर्फात कॅमेरा फसतो. त्याचं प्रकाशमापन मध्यम करड्यावर बेतलेलं असतं, त्यामुळे तो बर्फालाही करडं करून टाकतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या टोकाला आपटत नाही ना ते पाहा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर आत दव धरेल.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी वर्तुळाकार पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची, पाण्यावरची चमक तो कापतो, आणि हे काम नंतर संगणकावर नीट जमत नाही. एक-दोन स्टॉप प्रकाश खातो, ते धरून चाला. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. म्हणूनच फार वाइड लेन्सवर तो लावला तर आकाशाचा मधलाच पट्टा गडद निळा होतो आणि दोन्ही कडा फिक्या राहतात. ७० मिमीला ही कटकट नाही.