आजचा दर बघून पिल्लं टाकू नकोस

भाऊ, ब्रॉयलर कोंबडीची अंडी सेटरमध्ये (उबवणीच्या मशीनमध्ये) 18 दिवस, हॅचरमध्ये (पिल्लं फुटतात त्या मशीनमध्ये) 3, आणि 21व्या दिवशी पिल्लू. पुढे शेडवर दोन किलोचा पक्षी व्हायला 35 ते 40 दिवस. म्हणजे आज मशीनला लागलेली अंडी दोन महिन्यांनी बाजारात उतरणार. म्हणून आजच्या दरापेक्षा पुढे माल किती येतोय ते बघ, आणि दर आठवड्याला विचारत जा: अंडी किती बसवली, पिल्लं किती निघाली, शेडवर किती पडली. तिन्ही आकडे वेगवेगळे लिही. कडक उन्हाळ्यात उबवण घसरते, तेव्हा नुसत्या अंड्यांच्या आकड्यावर अंदाज हमखास चुकतो. जूनचं प्लेसमेंट (शेडवर टाकलेली पिल्लं) तर डोळ्यात तेल घालून बघ, कारण तो माल नेमका श्रावणाच्या तोंडावर निघतो आणि तेव्हा गिऱ्हाईकच नसतं. पिल्लू स्वस्त मिळतंय म्हणून जूनमध्ये शेड भरू नकोस.