ठिगळाखालची नीळ : जुन्या जपानी कापडांविषयी वाचकांचे प्रश्न

बोरो म्हणजे ठिगळावर ठिगळ लावत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं कापड आणि साशिको म्हणजे त्याला धरून ठेवणारा धावदोरा. एवढी ओळख असलेल्या, एखाददुसरा तुकडा विकत घेऊन बसलेल्या (आणि आता याचं करायचं काय, या विचारात पडलेल्या) वाचकांची ही पत्रं.

प्र. : ‘शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल बोरो’ म्हणून एक शेतकरी अंगरखा ऑनलाइन विकायला आहे. नकली कसा ओळखायचा? (ठाणे)

उ. : आधी उलट बाजूचे फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा, कारण बोरोची सगळी हकिगत आतल्या बाजूला असते.

खऱ्या तुकड्यात ठिगळं वेगवेगळ्या वर्षी लागलेली असतात, म्हणून ती विटलेलीही वेगवेगळी असतात. एखाद्या ठिगळाची सुटलेली कड हलकेच उचलून बघा. खाली मूळ कापडाची नीळ बाहेरच्यापेक्षा गडद दिसली पाहिजे, कारण ठिगळ लागल्यानंतरचं ऊन, धुणं आणि घासणं तिथवर पोचलेलंच नाही. सगळ्यात शेवटी लागलेल्या ठिगळाखाली हा फरक थोडाच असेल. पण पाच-सहा ठिकाणी उचलून पाहिलं आणि सगळीकडे आत-बाहेर एकच छटा निघाली, तर कापड आधी विटवलंय आणि ठिगळं एकाच बैठकीत चढवलीत, असं समजा.

दुसरं, झीज कुठे आहे ते बघा. नोरागी, म्हणजे शेतात घालायचा अंगरखा, गळपट्टीला, मनगटाशी, कोपरावर आणि ओझं वाहणाऱ्या खांद्यांवर विरतो. काखेखालचं कापड त्यामानाने शाबूत राहतं. सँडपेपरने म्हातारं केलेल्या कापडात झीज सगळीकडे सारखी पसरते, आणि जिथे अंग कधी घासलंच नसतं तिथेही शिवणीचे उंचवटे पांढरे पडलेले दिसतात.

पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा. जुन्या जपानी हातमागाचा पन्ना साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटरचा. अंगरख्याच्या पाठीला मधोमध शिवण असते ती त्यामुळेच. पाठ अखंड एका रुंद कापडाची असेल तर माल उशिराचा आहे. मशिनची शिलाई दिसली म्हणून मात्र लगेच नकली ठरवू नका. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शिलाई मशिन जपानी घरांत पोचलं होतं.

३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च स्वस्तात मिळते, ती अंधारात मारून बघा. आधुनिक पांढऱ्या दोऱ्यात चकाकी आणणारं रसायन असतं, ते निळसर पांढरं उजळतं. फक्त टाके उजळले आणि कापड काळोखं राहिलं, तर टाके नवे. सगळंच उजळलं तर बहुधा कुणीतरी ते हल्लीच्या डिटर्जंटमध्ये धुतलंय. त्यावरून वयाचा निकाल लागत नाही.

आणि ‘नैसर्गिक निळीचं, म्हणून जुनं’ हा दावा ऐकून सोडून द्या. कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आहे, तिचा मुख्य रेणू झाडाच्या निळीचाच आहे. डोळ्यांनी फरक करता येत नाही.

प्र. : जुनं निळं कापड हाताळलं की हात निळे होतात. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करावा का? रिठा चालेल का? (पुणे)

उ. : मीठ नको. व्हिनेगर, तुरटीही नको. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या हौदात ती विरघळणाऱ्या रूपात धाग्यात शिरते आणि हवा लागली की तिथेच घट्ट होऊन बसते. हाताला लागतात ते पृष्ठभागावर उरलेले सुटे कण. मिठाने ते बांधले जात नाहीत, उलट मीठ कापडात राहून ओल ओढतं.

धुवायचंच आहे का, हे आधी ठरवा. बहुतेक वेळा धूळ काढणं पुरतं : व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ जाळी बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा, आणि तोंड कापडावर घासू नका, वरून उचलून ठेवत जा.

धुण्याआधी काळे-तपकिरी धागे तपासा. ते टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारांनी रंगवलेले असू शकतात, आणि लोखंड वर्षानुवर्षं धागा आतून खात राहतं. पट्ट्यांच्या जुन्या कापडात निळे पट्टे धडधाकट आणि मधले तपकिरी पट्टे जाळीसारखे उरलेले, असं चित्र नेहमी दिसतं. असं कापड धुवू नका. ओलं झालं की निळे धागे टिकतील, तपकिरी पाण्यातच राहतील. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते इथे आणखी नडतं. शिवाय नीट निघालं नाही तर तपकिरी झाक सोडतं.

बाकी मजबूत सुती तुकड्यासाठी : ओलसर पांढरा कापूस प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. निळीचा हलका डाग येणारच. लाल किंवा जांभळा उतरला तर धुणं रद्द. पसरट टबात नायलॉनची जाळी अंथरा, त्यावर कापड सपाट ठेवा. गार पाण्यात, ५ लिटरला अर्धा चहाचा चमचा, बिनरंगाचा, बिनवासाचा, चकाकीचं रसायन नसलेला सौम्य द्रव साबण. १५ मिनिटं. चोळायचं नाही, मऊ स्पंजाने वरून दाबायचं. पाणी चहासारखं पिवळं निघेल; तो जुन्या धाग्यातून सुटलेला आम्लधर्मी मळ, रंग नव्हे. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाचदा बदला. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळे ठिपके पडतात, म्हणून शेवटचं पाणी आरओचं घ्या. उचलताना कापड नव्हे, जाळी उचला. ओल्या कापडाचं वजनच त्याला फाडतं. टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा. पिळणं, दोरीवर टाकणं, इस्त्री, ड्रायक्लीनिंग, यातलं काहीही नाही.

प्र. : कोगिन आणि हिशिझाशी या साशिकोच्या दोन प्रकारांत गोंधळ होतो. (नागपूर)

उ. : टाका कापडाचे किती धागे ओलांडतो ते मोजा. दोन्ही होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाच्या आओमोरी भागातले. त्सुगारू बाजूचं कोगिन विषम धाग्यांवर चालतं : १, ३, ५, ७. त्यामुळे त्यातली शंकरपाळ्यासारखी चौकट उभट दिसते. नान्बू बाजूच्या हिशिझाशीत सम धागे : २, ४, ६, चौकट आडवी पसरते. कोगिन बहुधा गडद निळ्या जाड्याभरड्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याचं. हिशिझाशीची जमीन अनेकदा फिकट निळी.

मुळात हे नक्षीकाम सुरू झालं ते अडचणीतून. थंडीमुळे तिथे कापूस पिकत नाही, आणि १७२४ च्या त्सुगारू सरकारच्या हुकुमाने शेतकऱ्यांना सुती कपडा वापरायला बंदी होती. अंगावर आसाचं, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचं, वारा आरपार जाणारं कापड. त्याची भोकं दोऱ्याने भरली की ऊबही येते आणि खांदाही टिकतो. १८९१ मध्ये रेल्वे आओमोरीला पोचली, सुती कापड सहज मिळू लागलं आणि कोगिन मागे पडलं.

या भागातले कपडे घरोघर फिरून जमवले ते तानाका चुझाबुरो यांनी. लोकांना त्या चिंध्यांची लाज वाटायची. त्यांच्या संग्रहातल्या ७८६ साशिको वस्त्रांना १९८३ मध्ये जपान सरकारने महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला.

प्र. : कोकणातल्या पावसाळ्यात हे कपडे कसे सांभाळायचे? (रत्नागिरी)

उ. : आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र कपाटात ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिलं की बुरशी धरते. ५० च्या आसपास उत्तम. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, चार बोटं पुढे ओढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. त्याऐवजी मांजरपाटात गुंडाळा, पण आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. कसर खळीवर येते आणि मग आतल्या कापडावर सरकते. सपाट तुकडे नळीवर गुंडाळा. अंगरखे घडीत ठेवावे लागले तर घडीत मांजरपाटाच्या गुंडाळ्या घाला आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला.

डांबरगोळ्या नकोत. कडुलिंबाचा पाला कपाटात चालेल, कापडाला टेकता कामा नये, त्याचे डाग पडतात. ‘निळीच्या कपड्याला कीड लागत नाही’ असं विक्रेते हौसेने सांगतात. त्या भरवशावर राहू नका.

नवीन आणलेला प्रत्येक तुकडा कपाटात जाण्याआधी थंड करा. पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून, दोनदा बांधून, घरगुती डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाई केली तर गार कापडावर दव धरतं, आणि किडीऐवजी बुरशी पदरात पडते.

प्र. : मी गोधड्या शिवते. फाटलेलं नोरागी आणलंय, त्यावर साशिको घालून दुरुस्त करू का? (कोल्हापूर)

उ. : हात तयार आहे म्हणूनच सांगतो, जुन्यावर नको. घट्ट पिळाचा नवा दोरा विरलेल्या कापडापेक्षा मजबूत असतो. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड टाक्याच्या भोकाभोवती कापलं जातं. शिवाय तुमचे टाके आणि मूळ टाके पुढे कुणाला वेगळे काढता येणार नाहीत. भोकाखाली धुतलेल्या मऊ सुती कापडाचा आधार द्या, तो भोकाच्या चौफेर ३-४ सेंटिमीटर शाबूत भागापर्यंत न्या, आणि बारीक सुती दोऱ्याने सैल टाके घाला. सुई धाग्यातून नको, दोन धाग्यांच्या मधून. पॉलिस्टरचा दोरा अजिबात नको. जुने सुटलेले टाके कापू नका, तिथेच टाचून ठेवा.

साशिको करून बघायचीच असेल तर नव्या कापडावर करा. गोधडीपेक्षा हाताची चाल वेगळी आहे : सुई जवळजवळ स्थिर, कापडच चुण्या करत तिच्यावर चढवायचं. त्यासाठी तळहाताला धातूची चकती असलेलं अंगुस्तान लागतं. टाके अडीच सेंटिमीटरला पाच ते सात, वरचा टाका खालच्यापेक्षा थोडा लांब, साधारण ३ ला २. दोरा ओढून झाला की अंगठ्याने ओळ दाबत नेऊन चुण्या मोडायच्या. याला इतोकोकी म्हणतात. हे विसरलं की पहिल्या धुण्यात कापड आकसल्यासारखं गोळा होतं. वळणावर मागच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा फास सैल सोडा. गाठ मारायची नाही. तीन-चार टाके उलटे घेऊन दोरा अडकवायचा.

प्र. : जपानला जाणार आहोत. कुठे बघावं? (डोंबिवली)

उ. : क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ ला कितानो तेनमान्‌गूत बाजार भरतो. सकाळी लवकर जा. पहिल्यांदा घेत असाल तर बोरोपेक्षा कासुरीचा, म्हणजे धागा बांधून रंगवून विणलेला, सुटा तुकडा घ्या : नक्षीच्या कडा किंचित हललेल्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, छापील असेल तर उलट बाजू फिकी निघते. टोकियोत १९३६ पासूनचं निहोन मिंगेइकान, म्हणजे लोककला संग्रहालय, खरेदीच्या आधी बघा, नंतर नाही.

प्र. : बोरो अंगात घालता येईल का? (बंगळूर)

उ. : येईल, एकदा. हात मागे गेला की काखेची शिवण आणि पाठीचं विरलेलं कापड एकदम ताणलं जातं. घालण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यातलं, ठिगळ नसलेलं जाड सुती नोरागी बघा.