चहाचा मळा काढणारा आपला माणूस

प्रश्न : सर, परवा टपरीवर चहा पिता पिता मित्राशी जाम वाद झाला. तो म्हणतो चहा इंग्रजांनीच भारतात आणला, मळे पण सगळे त्यांचेच, आपली माणसं नुसती पानं तोडायला. मला काय ते पटलं नाही. त्या काळात आपला एकपण मळेवाला नव्हता का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : होता की! आणि त्याला इंग्रजांनी फासावर दिलं. आसामचे मणिराम दत्त बरुआ, तिकडं मणिराम दिवाण म्हणूनच ओळखतात. आता 'आणला' म्हणाल तर आसामच्या जंगलात चहाची झाडं होतीच, तिथली सिंगफो जमातीची माणसं ती पानं आधीपासून वापरायची, १८२३ ला रॉबर्ट ब्रूस या गोऱ्या व्यापाऱ्याला हे कळलं तेच मुळी मणिरामकडून, मग सिंगफोंचा प्रमुख बिसा गामशी त्याची गाठ पडली. श्रेय मात्र रॉबर्ट आणि त्याचा भाऊ चार्ल्स, या ब्रूस भावांना!

१८३९ ला लंडनमध्ये चहाचे मळे काढायला आसाम कंपनी निघाली, मणिराम तिचे दिवाण झाले, पगार महिना २०० रुपये, म्हणजे तेव्हा रग्गडच. लागवड, मजूर, हिशेब सगळं आतून बघितलं आणि काही वर्षांत ती नोकरी सोडून जोरहाटजवळ चिन्नामारा इथं स्वतःचा मळा काढला, आणि तेवढ्यावर न थांबता शिवसागरकडं दुसरा. सोपं नव्हतं बरं का ते. १८३८ चे पडीक जमिनीचे नियमच असे होते की १०० एकराच्या खाली जमीन नाही आणि भांडवल आधी दाखवा, म्हणजे गोऱ्यांसाठीच केल्यासारखे, साध्या आसामी माणसानं एवढा पैसा आणायचा कुठनं?

१८५७ ला ते, इंग्रजांच्या आधी आसामवर राज्य करणाऱ्या अहोम राजघराण्याची गादी परत मिळावी म्हणून कलकत्त्यात अर्जविनंत्या करत होते, तेवढ्यात उठाव झाला, त्यांची उठावाबद्दलची पत्रं पकडली गेली आणि २६ फेब्रुवारी १८५८ ला जोरहाटात त्यांना आणि त्यांचे साथीदार पियाली बरुआंना फाशी दिली. मळे लिलावात काढले, घेतले कुणी तर जॉर्ज विल्यमसन नावाच्या गोऱ्यानंच. माझा तर हे वाचून संताप होतो. त्याच सालच्या जूनमध्ये आपल्या बेळगावात नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना फाशी झाली, त्यांचं नाव आपल्याकडं घराघरात आहे, मणिरामांचंपण असायला पाहिजे.

आणि ते एकटेच नव्हते, १८७९ ला बंगालात जलपाईगुडीच्या वकील मंडळींनी भांडवल गोळा करून जलपाईगुडी टी कंपनी काढली आणि मोगलकाटाचा मळा उभा केला.