अंगकोरहून परतलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कंबोडियाहून सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. बॅग अजून उपसली नसशील, पण फोटो घरभर दाखवून झाले असतील. आता माझं एक ऐक. आठवडाभर अंगकोरवर काही वाचू नकोस, व्हिडिओही बघू नकोस. वही घे आणि आठवेल ते लिही. एकदा वाचलेलं त्यात मिसळलं की स्वतः काय पाहिलं आणि गाइडने काय सांगितलं, हे निवडता येत नाही. आणि 'भव्य', 'अप्रतिम' हे शब्द वर्ज्य. ते कुठल्याही देवळाला चालतात.

अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीतलं समुद्रमंथन आठवतंय? गोष्ट पाठ असते, म्हणून आपली माणसं 'हो, हे माहितीये' म्हणत पुढे सरकतात. जवळजवळ 49 मीटर लांब शिल्पपट आहे तो. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मधे विष्णू. आता तुझा फोटो मोठा कर आणि खाली पाण्याकडे बघ. कडेचे मासे, मगरी धडधाकट आहेत. रवीच्या जवळ यावं तसतसे त्यांचे तुकडे झालेले दिसतील. घुसळणीत सापडले बिचारे. अमृत कुणाला मिळालं ते सगळे सांगतात, पण पाण्यातल्या जिवांचं काय झालं, हे मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. त्या पाथरवटाला मात्र ते सुचलं. असं काही दिसलं की तेवढ्यावर पानभर लिही. बाकीच्या ओवऱ्या दोन ओळींत उरकल्यास तरी चालेल.

दगडाचंही लिही. नक्षीचा वालुकाश्म कुलेनच्या डोंगरातून आणलेला. पण खंदकाच्या पायऱ्या आणि कोट ज्या तांबूस, भोकाभोकांच्या दगडाचे आहेत, तो आपला जांभाच. तू कोकणातली, दारच्या गडग्यावर हात फिरव, तळव्याला ओळख पटेल. वालुकाश्माच्या चिऱ्यांवर बोट जाईल एवढी गोल भोकं दिसली असतील, ती वेगळी. चिरे उचलताना लाकडी खुंट्या बसवायला ती पाडलेली.

मग वाचायला घे, आणि आधी काळाचा क्रम लाव. टूरवाले अंगकोर वाट, ता प्रोम आणि बायॉन ही तिन्ही देवळं एका दिवसात उरकतात, त्यामुळे सगळं एकाच राजाचं वाटायला लागतं. अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्म्याचं, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, विष्णूचं. ता प्रोम 1186 चं आणि बायॉन त्यानंतरचं. ही दोन्ही सातव्या जयवर्म्याची, आणि तो बौद्ध.

ता प्रोमला सगळे झाडांच्या मुळांपाशीच रेंगाळतात. तूही रेंगाळली असशील, त्यात काही वावगं नाही. पण तिथल्या संस्कृत शिलालेखात 615 नर्तकींची नोंद आहे. ती वाचून पुन्हा फोटो बघ, ते पडकं आवार गजबजलेलं दिसेल. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचं काम केलंय, त्याबद्दलही वाच. झाड तोडलं तर भिंत जाते आणि ठेवलं तरी जाते, असं अवघड दुखणं आहे ते.

फोटोंना आजच नावं दे. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्या ओवऱ्या सारख्याच दिसायला लागतील. आणि हो, बायॉनच्या भिंतीवरची कोंबड्यांची झुंज टिपली असशील तर मला पाठव. माझ्या फोटोत कुणाची तरी टोपी मधे आलीय.

तुझे,
सर